काकांच्या नावावरची खुर्ची

मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. मित्रांनो, आपली गोष्ट जन्मापासून सांगायची असते हे मला ठाऊक आहे, पण मला आधी एक सकाळ सांगू द्या. ती सांगितल्याशिवाय मला पुढचे काही सुचणार नाही.

काकूंना दवाखान्यात नेले तेव्हा मला बरोबर घेतले नव्हते. दोन माणसे स्ट्रेचर घेऊन आली आणि घाईघाईने गेली. मी स्वयंपाकघराच्या दाराशी ब्रेक न लावलेली तशीच उभी राहिले. तीन दिवस घराला कुलूप होते. चौथ्या दिवशी सकाळी काका आले. त्यांनी चपला काढल्या, फडके ओले केले आणि खाली बसून माझी चाके पुसायला घेतली. काकूंना बाहेर न्यायचे असले की ते नेहमी चाके पुसत. आधी डावे, मग उजवे, मग पाय ठेवायच्या पट्ट्या. मला वाटले, चला, काकूंना आणायला निघालो. मी मनातून तयारसुद्धा झाले.

तेवढ्यात काकूंची धाकटी बहीण दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात काकूंच्या कपड्यांची पिशवी होती.

"भाऊजी," ती म्हणाली, "आता ती खुर्ची कशाला पुसताय?"

काकांचा हात थांबला. मग पुन्हा फिरू लागला. उजवे चाक राहिले होते, ते त्यांनी पुसून घेतले.

मला असे कळले.

आता जन्माचे सांगते. एका मोठ्या कारखान्यात माझ्या लोखंडी नळ्या वाकवल्या गेल्या. माझ्यासारख्या दोनशे जणी एका दिवसात तयार झाल्या, त्यामुळे कौतुक असे काही झाले नाही. तिथून मी सरकारी गोदामात आले. निवृत्त माणसांना आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांना पैशाची मदत करणारे एक कार्यालय होते, त्याचे हे गोदाम. गरज असेल त्याला खुर्ची वापरायला मिळे आणि गरज संपली की परत घेतली जाई. पहिली काही वर्षे मी एका निवृत्त पोस्टमनकडे होते. ते गेले आणि मी परत गोदामात आले. माझ्यावर एक मोडके कपाट ठेवले गेले. मित्रांनो, चाके असलेल्या वस्तूला एका जागी उभे करणे म्हणजे काय, ते तुम्हाला कसे सांगू? वर्गात सुट्टीची घंटा होऊनही दार उघडत नाही अशी कल्पना करा. मी दीड वर्ष तशी होते. डावे चाक गंजले आणि कुरकुरू लागले.

मग एक दिवस काका आले. त्यांचे कुलपे दुरुस्त करायचे छोटे दुकान होते. सगळे त्यांना कुलूपवाले काका म्हणत. वय सत्तरीच्या आसपास, हात जाड, बोलणे कमी. रिक्षातून त्यांनी काकूंना हातांवर उचलून आणले होते. काकूंचे पाय सांधेदुखीने आधीच अधू होते, त्यात पडून खुब्याचे हाड मोडल्यापासून त्यांना उभेच राहता येत नव्हते.

गोदामवाल्याने चिठ्ठी वाचली, माझ्यावरची धूळ झटकली आणि म्हणाला, "बसा काका."

"मी नाही. ही बसणार."

गोदामवाल्याने परत चिठ्ठी पाहिली. "यात तुमचं नाव आहे."

"अरे बाबा, मी हिला उचलून उभा आहे, तुला दिसतंय ना?"

"मला काय, कोणीही बसा," तो म्हणाला. त्याने काकांचे नाव आणि नंबर लिहिलेला पत्र्याचा बिल्ला माझ्या बैठकीखाली ठोकला. त्या दिवसापासून मी काकांच्या नावावर होते.

घरी गेल्यावर काकांनी पहिल्यांदा माझे डावे चाक काढले. गंज घासून काढला, तेल दिले, नवा वायसर घातला. कुरकूर गेली. त्यांच्या झोपायच्या खोलीचे दार माझ्यासाठी चार बोटे अरुंद होते. काकांनी दारच काढून भिंतीला टेकवून ठेवले. "आयुष्यभर लोकांची दारं नीट बसवली," काकू म्हणाल्या, "आणि स्वतःच्या घराचं उखडून बसले." पण त्या खूष होत्या.

सात वर्षे मी त्या घरात होते. ती माझी कामाची वर्षे. सकाळी काका काकूंच्या काखेत हात घालून त्यांना माझ्यावर बसवत. रोज काकू ओरडत, "अहो, हळू! मी कपाट नाही." रोज काका म्हणत, "कपाट बोलत नाही." मग न्हाणीघर, मग नाश्ता, मग गॅलरी. संध्याकाळी रस्त्याच्या टोकापर्यंत फेरी. त्या रस्त्याला एक खड्डा होता, तो आला की काका मला मागे कलवून अलगद पलीकडे नेत. सात वर्षांत एकदाही काकूंना धक्का बसला नाही.

पण घरात दुसरेही एक काम चाले आणि ते काकू करत. काका दुसरीपर्यंत शिकलेले. आकडे वाचत, स्वतःचे नाव लिहीत, त्यापुढे अक्षर आले की कपाळाला आठ्या घालत. काकू मात्र पंचवीस वर्षे सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसलेल्या. पत्र आले की त्या वाचून दाखवत. बँकेचे, विजेचे, घरपट्टीचे कागद त्यांच्याच हाताखालून जात. काकांना रक्तदाबाच्या दोन गोळ्या होत्या. सकाळी गुलाबी पूर्ण, संध्याकाळी पांढरी अर्धी. काकू स्वतःच्या हाताने ती अर्धी मोडून देत आणि काका पाणी पिईपर्यंत त्यांच्या तोंडाकडे बघत. "गिळली का? दाखवा." काका लहान मुलासारखे तोंड उघडून दाखवत.

आता त्या फॉर्मचे सांगते, कारण सगळे त्याच्यापाशी येऊन अडले आहे.

घरी आजारी माणसाची काळजी घेणाऱ्याला सरकार महिन्याला भत्ता देते. त्यासाठी दरवर्षी फॉर्म भरावा लागे. फॉर्मवर दोन रकाने होते. डावीकडे 'काळजी घेणारी व्यक्ती' आणि उजवीकडे 'जिची काळजी घेतली जाते ती व्यक्ती'. पहिला फॉर्म काकूंनी दवाखान्यात पडल्यापडल्या भरला होता. डाव्या रकान्यात त्यांनी स्वतःचे नाव लिहिले आणि उजव्या रकान्यात काकांचे. मित्रांनो, तुम्ही हसाल. पण त्यांच्या हाताला वर्षानुवर्षे ते वळण होते. ह्यांचे कागद कोण बघते, मी. ह्यांच्या गोळ्या कोण देते, मी. मग काळजी घेणारी कोण? मागे डॉक्टरांचा दाखला काकूंच्या नावाचा जोडला होता. कार्यालयात तो कोणी फॉर्मशी पडताळून पाहिला नाही. भत्ता सुरू झाला आणि त्याच फॉर्मवरून माझी चिठ्ठीही काकांच्या नावाने निघाली. कागदोपत्री काका स्वतःचे व्यवहार न जमणारे रुग्ण ठरले, म्हणून त्यांची म्हातारपणची पेन्शनही काकूंच्या खात्यात येऊ लागली. पैसे घरातच येत होते, त्यामुळे कोणाच्या काही लक्षात आले नाही.

काकू दरवर्षी माझ्या हातांवर एक फळी आडवी ठेवून गेल्या वर्षीचा फॉर्म बघून नवा उतरवत.

"नीट लिहिलंस ना?" काका विचारत.

"अहो, पंचवीस वर्षं खिडकीत बसले आहे. माझा फॉर्म चुकत नाही."

चौथ्या वर्षी मात्र काकूंचे पेन मध्येच थांबले. त्यांनी दोन्ही रकाने पुन्हा वाचले, बोट ठेवून. मग त्या गालात हसल्या. काका गॅलरीत त्यांच्या साड्या वाळत घालत होते आणि एक साडी उलटी घालत होते. काकूंनी त्यांच्याकडे पाहिले, परत फॉर्मकडे पाहिले आणि स्वतःशीच म्हणाल्या, "मग? खरंच आहे की." त्यांनी पुन्हा तसेच लिहिले. 'रोज किती तास काळजी घेता' या प्रश्नापुढे त्यांनी चोवीस असा आकडा घातला.

हे फक्त मी पाहिले. आणि मला बोलता येत नाही.

काकू गेल्यावर पंधरा दिवसांनी कार्यालयातून तपासणीच्या बाई आल्या. काका तेव्हा स्टुलावर चढून शेजाऱ्यांच्या दाराचे कुलूप बसवत होते. बाई खालून म्हणाल्या, "मी पेशंटना बघायला आले आहे."

"पेशंट गेली," काका म्हणाले आणि खाली उतरले.

"नाही, गेल्या त्या काळजी घेणाऱ्या. मला पेशंटना भेटायचंय." बाईंनी फाईल उघडून नाव वाचले.

"ते माझं नाव आहे."

बाईंनी काकांकडे पाहिले, स्टुलाकडे पाहिले, त्यांच्या हातातल्या हातोडीकडे पाहिले. "तुम्हाला अंघोळीला मदत लागते?"

"मला? अहो बाई, मी सात वर्षं तिला अंघोळ घालत होतो."

मग बाई घरात येऊन बसल्या. त्यांनी वाकून माझ्या बैठकीखालचा बिल्ला वाचला, फाईलमधला डॉक्टरांचा दाखला काढला आणि कपाळाला हात लावला. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी सगळे सावकाश समजावून सांगितले. दाखला खरा होता, म्हणून मागचे काही परत भरायचे नव्हते. पण काकूंचे खाते आता बंद झाले होते. काकांची पेन्शन त्यांच्या स्वतःच्या नावावर सुरू करायची, तर ते रुग्ण नाहीत असे फाईलवर यायला हवे. माझेही तसेच. मी रुग्णाच्या नावावर होते, तोवर मला गोदामात परत घेता येत नव्हते आणि पुढच्या माणसाला देताही येत नव्हते. या सगळ्याला एकच कागद पुरे होता. त्याखाली काकांनी सही करायची. महिनाअखेरीपर्यंत.

"वाचून दाखवा," काका म्हणाले.

बाईंनी वाचले. "मी असे जाहीर करतो की, वर उल्लेख केलेली व्यक्ती कोणत्याही काळात माझी काळजी घेत नव्हती."

काकांनी हातोडी खाली ठेवली. मग म्हणाले, "वर उल्लेख केलेली म्हणजे ती?"

"हो."

"मग ठेवून जा. बघतो."

कागद बाईंनी माझ्या बैठकीवर ठेवला. तो तिथेच राहिला.

त्यानंतर त्या घरात कोणाला चैन म्हणून नव्हते. काका मला या खोलीतून त्या खोलीत नेत. गॅलरीत उभी करत, पाच मिनिटांनी परत आत आणत. ब्रेक लावायला विसरत. फरशीला थोडा उतार होता, त्यामुळे मी आपोआप सरकत दाराशी जाई आणि काका मला परत ओढत. मला बाहेर पडायचे होते, काम करायचे होते, आणि काकांना सोडून जायचेही नव्हते. मित्रांनो, माझ्या चाकांना दिशाच कळेना.

मेहुणी दोन दिवसांआड डबा घेऊन येई आणि कागद जागेवर पाहून संतापे.

"भाऊजी, एक सही. घर काय कुलपांवर चालणार आहे? आणि कुलपं तरी किती येतात आता?"

"येतात दोनतीन."

"दोनतीन! ताई असती तर तुमचा हात धरून सही करून घेतली असती."

"ती असती तर कागद आलाच नसता," काका म्हणाले.

"शब्दच आहेत हो ते. सरकारी शब्द. तिला काय लागणार आहेत?"

काका उठून गॅलरीत गेले.

दुसऱ्याच आठवड्यात काकांनी पांढरी गोळी सकाळी पूर्ण घेतली आणि गुलाबी घेतली होती की नाही हे न आठवल्यामुळे तीही पुन्हा घेतली. न्हाणीघरातून येताना त्यांनी भिंत धरली. मग चाचपडत माझा हात धरला आणि ते माझ्यावर बसले. सात वर्षांत पहिल्यांदा. कागद त्यांच्याखाली चुरगळला. मी त्यांचे वजन ओळखत नव्हते, पण श्वास ओळखत होते. मेहुणी आली तेव्हा ते तसेच बसलेले होते, चेहरा पांढरा पडलेला. तिने डॉक्टरांना बोलावले, गोळ्या मोजल्या आणि मग तोंडाला पदर लावून रडली.

"ताई होती म्हणून तुम्ही उभे होतात," ती म्हणाली.

"तेच तर," काका म्हणाले. "आणि मी उलटं लिहून देऊ?"

मेहुणीने पदराने डोळे पुसले. तिने डब्याच्या झाकणावर एकेक गोळी चिकटवून गुलाबीखाली सूर्य काढला आणि पांढरीखाली चंद्र. चंद्र अर्धा काढला. काका म्हणाले, "चित्रकला तुझी वाईटच," पण झाकण त्यांनी जपून ठेवले.

बरे वाटल्यावर काका मला घेऊन कार्यालयात गेले. मला रिकामी ढकलत. खड्डा आला तेव्हा त्यांनी मला सवयीने मागे कलवले आणि अलगद पलीकडे नेले. वाटेत एकाने विचारलेसुद्धा, "काका, कोणाला आणायला?" काकांनी नुसती मान हलवली.

कार्यालयात लांब रांग होती. तपासणीच्या बाई टेबलावर होत्या.

"आणलात कागद?"

"आणलाय. पण हे वाक्य बदला. असं लिहा की दोघं एकमेकांची घेत होतो."

"काका, तसा रकाना नाही."

"मग करा."

"माझ्या हातात असतं तर केला असता. एक घेणारा लागतो आणि एक ज्याची घेतात तो लागतो."

मागून एक म्हातारा ओरडला, "ओ, संसार घरी सांगा! आमचीही पेन्शन आहे."

"तुमची कोण बघतं?" काकांनी वळून विचारले.

"कोण बघणार! मीच."

"बायको?"

म्हाताऱ्याने काठी या हातातून त्या हातात घेतली. "तिचं ती बघते," तो म्हणाला. मग जरा वेळाने म्हणाला, "आज सकाळी डोळ्यात औषध तिनंच घातलं म्हणा."

बाईंनी आवाज खाली आणला. "हे बघा, मी वर विचारून बघते. तुम्ही तुमचं म्हणणं लेखी द्या. पण महिनाअखेर उलटली तर फाईल बंद होईल आणि मग सगळं पहिल्यापासून. वर्षसुद्धा लागेल. म्हणून सांगते, सही करून टाका."

काका बाहेर आले. पायरीवर एक बाई बसली होती, चाळिशीची, मांडीवर कागदांची पिशवी. तिने काकांकडे पाहिलेच नाही. ती माझ्याकडे बघत होती.

"काका, ही रिकामी आहे का?" तिने विचारले.

तिची आई चार महिने खुर्चीच्या यादीत होती. दोघी दुसऱ्या मजल्यावर राहायच्या, आणि चार महिने आईने खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता. मुलगी एका शिवणकारखान्यात होती, ते काम सोडून ती आईपाशी बसली होती. गोदामात खुर्ची नाही, असे तिला दर आठवड्याला सांगत होते.

काका कितीतरी वेळ माझ्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. "जिना केवढा आहे?" त्यांनी विचारले.

मित्रांनो, नियमाने मी काकांच्या नावावर होते आणि मला दुसऱ्याला देता येत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी माझी चाके पुसली, आधी डावे, मग उजवे, आणि मला त्या जिन्यावरून उचलून नेले. प्रत्येक वळणावर ते टेकत होते. मुलगी म्हणत होती, "मी धरते," आणि काका म्हणत होते, "तू आईला धर." वर गेल्यावर त्यांनी तिला सगळे दाखवले. आधी ब्रेक, मग हात काखेत, मग उचलायचे. पाठ वाकवायची नाही, गुडघे वाकवायचे. खड्डा आला तर मागे कलवायचे. आई माझ्यावर बसली, गॅलरीपर्यंत आली, खाली रस्त्याकडे बघितले आणि म्हणाली, "समोरच्यांनी भिंतीला रंग कधी दिला?"

"तुझा फॉर्म कोणी भरला?" काकांनी मुलीला विचारले.

"मीच."

"घेणारी कोण लिहिलंस?"

"मी."

"बरोबर आहे," काका म्हणाले. मग जिन्याकडे जाता जाता म्हणाले, "पण आईलाही एकदा विचार."

आता मी त्या घरात आहे. रोज दोनदा गॅलरीत जाते. काका आठवड्यातून दोनदा येतात, माझ्या चाकांना तेल देतात आणि आलेली पत्रे मुलीकडून वाचून घेतात. त्यांचे म्हणणे तिनेच लिहून दिले, एका पानावर, काका सांगतील तसे. त्यात काकांनी गोळ्यांचे सांगितले, पत्रांचे सांगितले, चाळीस वर्षांच्या संसाराचे सांगितले. मुलगी मध्येच थांबून डोळे पुसत होती, तेव्हा काका म्हणाले, "शाई फुटेल, नीट लिही."

चौथ्या वर्षी थांबलेल्या पेनाचे मात्र त्या पानावर काही नाही. ते मी सांगायला हवे होते.

मित्रांनो, तुमच्या घरीही कोणी आजारी असेल, कोणी म्हातारे असेल. त्यांच्या खुर्चीला तेल द्या, बसवताना ब्रेक लावा. पण जे बसले आहे ते फक्त बसून आहे असे समजू नका. तुमची शाळेची वेळ कोणाला पाठ आहे, तुम्ही जेवलात की नाही हे कोण विचारते, तेही बघा. आणि माणूस आहे तोवरच हे बघा. नंतर कागद येतात आणि कागदांना एवढे सगळे लिहायला जागा नसते.

परवा महिना संपतो. वरून उत्तर आलेले नाही. काकांची पेन्शन अजून अडलेली आहे आणि माझ्याखालच्या बिल्ल्यावर अजून त्यांचेच नाव आहे. तो कागद त्यांच्या सदऱ्याच्या खिशात आहे. काल त्यांनी तो काढून मुलीकडून पुन्हा वाचून घेतला, घडी घातली आणि परत ठेवला. सही केलेली नाही.